नायी आणि न्हाय

त्यांच्या घरात एक शब्द उच्चारण्यास बंदी होती. तो शब्द शिवी नव्हता. शिव्यांच्या बाबतीत ते घर आमच्या भागातल्या इतर घरांइतकेच उदार होते. बंदी होती ती ‘न्हाय’ या शब्दाला.

मी बेळगावच्या कोर्टात नक्कलनवीस म्हणून रुजू झालो, तेव्हा ते तेथे भाषांतरकार होते. कानडी कागदांचे मराठी करावे, मराठी कागदांचे कानडी करावे आणि दोन्हींच्या समासात आपल्या शंका नोंदवाव्यात, असे त्यांचे काम होते. यांपैकी तिसरे काम त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. कंग्राळीच्या शेतकरी घरातले ते पहिले शिकलेले. कचेरीत पुस्तकासारखे बोलत आणि उंबरठा ओलांडला की कंग्राळीसारखे. त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत माझी राहण्याची सोय झाली. जेवणही त्यांच्याकडेच होते, त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे वहिनींच्या हातचे. मी एकटा होतो आणि फारसा बोलणारा नव्हतो. माझी निवड याच गुणावर झाली असावी, असे मला पुढे वाटू लागले.

पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

“कुत्र्याची हरकत आहे?”

“नाही,” मी म्हणालो.

कोपऱ्यात एक जुने घोंगडे पडले होते. त्या घोंगड्याचा एक कान वर झाला आणि पुन्हा खाली गेला. अण्णांनी माझ्याकडे समाधानाने पाहिले.

“ही शाळेतली ‘नाही’ चालते. नुसता कान उचलतो. आमच्या घरातली आली, की अख्खं कुत्रं येतं.”

कुत्र्याचे नाव नायी होते. बैलहोंगलकडचा एक कानडी शेतकरी साक्षीसाठी आला होता. पिशवीतून आणलेले पिल्लू त्याने अण्णांच्या स्वाधीन केले आणि निघताना नाव विचारल्यावर “नायी री” एवढेच सांगितले. कानडीत नायी म्हणजे कुत्रा. त्या शेतकऱ्याने नाव सांगितले की वस्तू, हा प्रश्न वहिनींनी त्याच दिवशी उपस्थित केला होता, आणि मोत्या हे पर्यायी नावही सुचवले होते. अण्णांनी ते फेटाळले. साक्षीदाराने नाव म्हणून जे सांगितले ते नाव. विशेषनामाचे भाषांतर होत नाही.

अडचण दुसऱ्या दिवशी लक्षात आली. ज्या घरात लहान मुले आहेत, त्या घरात ‘न्हाय’ हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारला जातो याचा विचार कोणी केलेला नसतो. मी दूध न्हाय पिणार. मी न्हाय मारलं तिला. गूळ न्हाय आता, संपला. दर वेळी नायी धावत येई, समोर बसे आणि शेपटी जमिनीवर आपटत पुढच्या आज्ञेची वाट पाही. बोलावल्याशिवाय आपण आलो आहोत, हे त्याच्या गावीही नसे.

वहिनींनी त्याला हाकलले असते तर प्रश्न तेथेच मिटला असता. परंतु अण्णांना तो कायद्याचा मुद्दा वाटला. समन्स काढून साक्षीदाराला बोलावले आणि त्याची साक्ष घेतलीच नाही, तरी त्याचा भत्ता बुडत नाही. नायीला हाक गेली आहे, तो आला आहे. त्याला तसाच परत पाठवणे ही फसवणूक. म्हणून प्रत्येक चुकीच्या हाकेला पाव भाकरी भत्ता ठरला. पंधरा दिवसांत वहिनी रोज दोन भाकऱ्या जास्त थापू लागल्या आणि नायीला दारातून आत येताना किंचित तिरपे व्हावे लागू लागले. तेव्हा कोठे बंदीचा हुकूम निघाला.

मी गेलो तोपर्यंत मुले सरावली होती. थोरला बाळू सात वर्षांचा होता, कुशी पाच वर्षांची. दोघेही गल्लीत इतरांसारखे बोलत आणि घरात शिरताना शब्द बदलत, जशी माणसे देवळात शिरताना चपला काढतात. “आई, मीठ आढळत नाही,” असे कुशी आतून ओरडत असे. एकदा बाळूला मी विचारले, की गणित सुटले का. तो म्हणाला, “सुटल्याचे दिसून येत नाही.” कोपऱ्यातला कान तेवढा वर झाला.

नायीच्या केसांविषयी लिहिले नाही तर हे वर्णन अपुरे राहील. त्याच्या आईबापांपैकी कोणीतरी कॅम्पातल्या एखाद्या गोऱ्या साहेबाच्या घरचे असावे, असा लोकांचा कयास होता, कारण एवढे केस आमच्याकडच्या कुत्र्यांना येत नाहीत आणि आले तरी अंगावर राहतात. नायीचे राहत नसत. त्याच्या अंगावर काळे आणि पांढरे असे दोन्ही रंग असल्यामुळे घरातल्या कोणत्याही कपड्याची उपेक्षा होत नसे: पांढरे केस अण्णांच्या काळ्या कोटावर जात, काळे त्यांच्या धोतरावर. वहिनी प्रत्येक भांड्याला फडके बांधून ठेवत, आणि केस त्या फडक्याला असत. कुशीने ते गोळा करून बाहुलीची उशी भरली. उरलेल्यांची बाळूने खळ लावून मिशी केली आणि ती लावून तो शाळेत गेला. मास्तरांनी ती काढायला सांगितली. निघेना. तो तीन दिवस मिशीसह शाळेत गेला आणि चौथ्या दिवशी ती आपोआप झडली, कारण केस नायीचे होते.

असाच एक केस कोर्टात गेला. खानापूर तालुक्यातली एक फिर्याद होती. शेजाऱ्याने पाटाचे पाणी चोरले, असे फिर्यादीचे म्हणणे. अण्णांनी घरी बसून कानडीचे मराठी केले, शाई ओली असताना नायी अंग झाडून गेला, आणि एक काळा केस ‘पा’च्या डोक्यावर नेमका तिरपा चिकटून वाळला. शिरस्तेदारांनी भर कोर्टात वाचले: “प्रतिवादीने माझ्या पोटातले पाणी आपल्याकडे वळवले.”

अण्णांच्या पोटातले पाणी मात्र हलले नाही. त्यांनी कागद मागून घेतला, नखाने केस काढून दाखवला आणि समासात नोंद केली: ‘चौथ्या ओळीतील मात्रा ही मात्रा नसून केस आहे.’ न्यायाधीश हसले. “अहो, कोर्टात केस पक्षकारांनी आणायची असते. तुम्ही नव्हे,” असे ते म्हणाले. पुढे कितीतरी दिवस अण्णा मला सांगत, की साहेब सज्जन आहेत, पण त्या विनोदात लिंगदोष आहे. तो केस पुल्लिंगी आणि ती केस स्त्रीलिंगी.

हे सगळे हसण्यासारखे होते आणि आम्ही हसतही असू. पण त्या घरात एक गोष्ट होती, जिच्याविषयी कोणी हसत नसे. धाकटी छबी तीन वर्षांची होऊन गेली होती आणि एक अक्षरही बोलत नव्हती.

तिला ऐकू येत होते. गुळाच्या डब्याचे झाकण उघडले, की ती दोन खोल्या ओलांडून येत असे. डॉक्टरांनी कान पाहिले, घसा पाहिला, जीभ पाहिली आणि सगळे ठीक असल्याचे सांगितले. त्यामुळे काळजी अधिकच वाढली. ती दिवसभर नायीच्या शेपटीचे केस मुठीत धरून त्याच्यामागे घरभर फिरे. तो बसला की ती बसे.

अण्णांकडे एक वही होती. तीत प्रत्येक मुलाचा पहिला शब्द, तो कोणासमोर उच्चारला, आणि त्या वेळी काय चालले होते, हे लिहिलेले असे. बाळूचा पहिला शब्द ‘दे’ होता. कुशीचा ‘माजं’. दोन्ही शब्द दिवाणी स्वरूपाचे आहेत, असा शेरा अण्णांनी मारला होता. तिसऱ्या पानावर वर छबीचे नाव होते आणि खाली काही नव्हते. रोज संध्याकाळी कचेरीतून आले, की टोपी काढण्यापूर्वी ते वहिनींकडे पाहत; वहिनी मान हलवत; मग ते टोपी काढत.

अशात निपाणीहून आक्का आल्या. आक्का म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहीण. त्यांच्या घरी तंबाखूची वखार होती. त्यांच्या लुगड्याला तंबाखूचा असा वास होता, की त्या आल्या की नायी शिंकत असे, आणि तो शिंकला की त्यांच्या अंगावर केस उडत. दोघांचेही एकमेकांविषयी मत चांगले नव्हते. आक्कांनी छबीला मांडीवर घेतले, तिच्या तोंडात बोट घालून पाहिले आणि निकाल दिला.

“केस गेल्यात पोरीच्या पोटात. जिभंच्या मुळाला गुंडाळून बसल्यात. मग बोलंल कशी गं ती?”

“डॉक्टर तसं म्हणत नाहीत, आक्का,” अण्णा म्हणाले.

“डाक्टरच्या घरात कुत्रं हाय का असलं?”

अण्णांनी थोडा विचार केला. “त्याची माहिती उपलब्ध नाही.”

“बघ की रं, कसं बोलतोयस. तुझ्या घरात सरळ बोलायची चोरी. पोर तरी कुणाचं बघून शिकंल?” आक्कांनी लुगड्यावरचे दोन केस चिमटीत धरून उजेडात पाहिले. “वखारीत लई उंदरं झाल्यात. जाताना नेतो मी ह्याला. तिथं बांधून घालतो.”

जेवणे झाल्यावर मी ताक पीत होतो, तेव्हा वहिनींनी विषय काढला. त्या कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नव्हता.

“अवं, आक्का म्हणत्यात ती जिभंची गोष्ट मला बी पटत नव्हती. पर मी इचार केलाय. सगळ्या पोरांची जीभ त्या शब्दानंच सुटती. खायाला दिलं तरी, निजवलं तरी, पोर आदी त्येच म्हणतंय. तुमी त्योच शब्द कुलपात घातलाय. तिनं आईकलाच न्हाय कवा.”

नायी आला. तो वहिनींसमोर बसला आणि शेपटी आपटू लागला.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिले, मग आपल्या ताटातली पाव भाकरी मोडून त्याच्यापुढे ठेवली. त्यांचे डोळे भरले होते. “घे बाबा, तुझा भत्ता,” त्या म्हणाल्या. “अवं, पोरीपरीस मोठं काय हाय?”

माझे ताक संपले होते, तरी मी वाटी तोंडाला लावून बसलो. अण्णा खाली पाहत होते. केसांमुळे म्हणा की बंदीमुळे म्हणा, दोन्ही आरोपांत आरोपी एकच होता. “ठीक आहे,” ते म्हणाले. “परवा.”

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी मला एक मसुदा स्वच्छ प्रत करण्यासाठी दिला. कुत्र्याबरोबर निपाणीला पाठवायचा कागद होता तो. ‘यास नायी अशी हाक मारावी. वखारीत गडीमाणसांचा राबता असल्याने न्हाय हा शब्द वारंवार उच्चारला जाईल. तो त्यास हाक वाटते. दर वेळी भत्ता देणे शक्य न झाल्यास निदान डोक्यावरून हात फिरवावा. शेपटी धरलेली चालते, सवय आहे.’ त्या मसुद्यात मला शुद्धलेखनाची एक चूक सापडली. त्यांच्या हातची मी पाहिलेली ती पहिली चूक. मी ती दुरुस्त न करता तशीच उतरवली.

टांगा सकाळी आला. निपाणीकडे जाणारी मोटार गाठायची होती, म्हणून टांगेवाला घाई करत होता. आक्का मागच्या बाजूला बसल्या. त्यांच्या पायाशी नायीला ठेवून दोरी टांग्याच्या दांडीला बांधली होती. नायी एकदा शिंकला आणि त्याने मान खाली घातली. वहिनी आक्कांना शिदोरी देत होत्या. अण्णा पुढे घोड्याजवळ उभे राहून टांगेवाल्याला सांगत होते, की वळणावर सावकाश घे. बाळू आणि कुशी आतून बाहेर येईनात. मी उंबऱ्यावर आक्कांचे गाठोडे घेऊन उभा होतो, आणि छबीने माझे एक बोट धरले होते. तिची दुसरी मूठ बंद होती. तीतून पांढरे केस बाहेर आले होते.

तेव्हा ती बोलली.

लहान आवाज होता, एकच शब्द. त्याच क्षणी टांगेवाल्याने लगाम उचलला, घुंगरे वाजली, नायी ताडकन उठला, दोरी आक्कांच्या पायांत आली आणि आक्कांनी जे उद्गार काढले, त्यांत बाकी सगळे बुडून गेले.

“कुत्रं का उठलं?” अण्णांनी पुढून विचारले.

कोणाला माहीत नव्हते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण मी गाठोडे खाली ठेवले होते.

“छबी बोलली,” मी म्हणालो.

वहिनी शिदोरी तशीच ठेवून छबीकडे वळल्या. अण्णा चालत माझ्यासमोर आले. त्यांचा चेहरा कोर्टात असे तसाच होता. हात मात्र कोटाच्या खिशात होते, आणि कोर्टात ते हात कधी खिशात घालत नसत.

“काय बोलली?”

“न्हाय,” मी म्हणालो. टांग्यात नायीने पुन्हा दोरी ओढली.

“न्हाय की नायी?”

“कुत्र्याला हाक मारली आसंल,” आक्का पाय सोडवत म्हणाल्या. “मी म्हणत होतो न्हवं? आईचं न्हवं, बापाचं न्हवं, पयलं नाव कुत्र्याचं. आता तर न्यायाच पायजे.”

“थांब, आक्का.” अण्णांनी माझ्यावरची नजर काढली नाही. “नायी म्हणाली असेल, तर ती हाक आहे. हाकेला भत्ता द्यायचा आणि टांगा जाईल. न्हाय म्हणाली असेल, तर ती हरकत आहे. हरकत ऐकून घेतल्याशिवाय हुकूम बजावता येत नाही. तुम्ही जवळ होता. ह होता का?”

मी फार सावध माणूस आहे. कागद वाचता आला नाही तर मी त्या जागी टिंबे देतो, अंदाज लिहीत नाही. नक्कलनवीसाचा तोच धर्म. घुंगरांच्या आवाजात मला ‘न’ ऐकू आला होता, मागे ‘आ’ ऐकू आला होता. छबी माझ्या बोटाला लोंबकळत टांग्याकडे पाहत होती.

“होता,” मी म्हणालो.

“खात्री आहे?”

“आहे.”

“मोटार चुकंल हं,” टांगेवाला म्हणाला.

अण्णा टांग्याकडे वळले, आणि त्या घरात कित्येक दिवस कोणी नकार म्हणून ठरवून उच्चारला नव्हता तो शब्द, कंग्राळीत उच्चारतात तसा, पुरेपूर उच्चारला.

“न्हाय, आक्का. कुत्रं जाणार न्हाय.”

दोन हाका झाल्या होत्या. नायीने दोरी दांडीसकट घेतली नाही एवढेच. ती गाठीतून सुटली, तो आक्कांच्या मांडीवरून खाली आला आणि अण्णांसमोर बसून शेपटी आपटू लागला. छबीने माझे बोट सोडले. टांग्याच्या चाकाजवळ जाऊन तिने ती शेपटी धरली आणि पुन्हा तोच शब्द म्हटला, मग पुन्हा. वहिनी तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. प्रत्येक वेळी नायी तिच्याकडे वळून पाही. त्या वेळीही मी कान देऊन ऐकले. पण शेपटी जमिनीवर आपटत होती.

आक्का एकट्याच निपाणीला गेल्या. बंदी उठली, कारण पुढचा महिनाभर छबीजवळ तो एकच शब्द होता आणि ती तो झोपेतून उठल्यापासून वापरत असे. वहिनींच्या भाकऱ्या तीनने वाढल्या. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. कुशी आणि बाळू महिन्याभरात गल्लीसारखे बोलू लागले. मला ते थोडे चुकल्याचुकल्यासारखे वाटले, पण मी ते कोणाला सांगितले नाही.

माझी बदली झाली, तेव्हा छबी पाच वर्षांची होती आणि तिला गप्प करण्यासाठी गुळाचा डबा उघडावा लागे. निघण्याच्या दिवशी मी निरोप घ्यायला गेलो. अण्णांनी ती वही माझ्यापुढे उघडून ठेवली आणि ते चष्मा पुसू लागले. काचेवर केस होता. तो निघता निघत नव्हता.

तिसऱ्या पानावर लिहिले होते: ‘न्हाय. पाठभेद: नायी. टांग्यासमोर, साक्षीदार एक.’ शेजारी समासात, त्यांच्या त्या बारीक, सरळ अक्षरांत, शेरा होता:

‘यातील ह साक्षीदाराच्या पदरचा आहे. ग्राह्य.’